डाव्या दारातला उजेड

१

दिवाळी उरकली की हमरापुरातले गणपतीचे कारखाने थोडे दिवस सुस्तावतात. भाद्रपदातल्या मूर्ती कधीच गेलेल्या असतात, माघीच्या अजून कच्च्या असतात, आणि मांडण्यांवर नुसते साचे पडून असतात. अशाच एका मार्गशीर्षात नितेशने सासऱ्यांकडे शेडचा अर्धा भाग मागितला. स्वारी आता गाड्या चकाचक करणार होती.

बाबाजींनी जावयाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. कारखान्यात आल्यापासून हा गडी मूर्ती घासत आलेला. पॉलिश पेपर हातात घेतला की घासकामात त्याचा हात धरणारा आसपासच्या कुठल्या कारखान्यात नव्हता. पण मूर्ती घासली कोणी, हे गिऱ्हाईक कधी विचारत नाही. गिऱ्हाईक विचारतं ते डोळे कोणी आखले. आणि डोळे आखायची राणी, बाबाजींची लेक आणि नितेशची बायको. हंगामात पेणमधले मोठे कारखानेवालेसुद्धा तिच्यासाठी रिक्षा पाठवायचे. घर तिच्या नजरेवर आणि तिच्या हातावर चालत होतं. नितेशला त्याचा कमीपणा वाटत नसे, उलट तो चारचौघांत मिरवायचा. फक्त आपलंही काहीतरी असावं, असं त्याला वाटू लागलं होतं.

"घास गाड्या," बाबाजी म्हणाले. "पण माघीच्या आखणीआधी शेड मोकळी पायजे. तवा राणीला कोणाची खुडबुड चालत नाय."

हे खरंच होतं. राणी आखणीला बसली की शेडमध्ये कोणी मोठ्याने शिंकतसुद्धा नसे. आधी भुवई, मग पापणीची रेघ, मग बुबुळ, आणि सगळ्यात शेवटी बुबुळात पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका. तो ठिपका पडला की मूर्ती बघायला लागते. बाबाजींच्या कारखान्यात हा ठिपका नेहमी एकाच बाजूला पडायचा, शेडच्या दाराच्या बाजूला, कारण उजेड तिकडून यायचा. पोरींना शिकवताना बाबाजी सांगत, "उजेड एक, तर ठिपका एक. दोन काढलेस तर ती नजर नाय, नुसतं चित्र."

नितेशचं मशीन ऑनलाइन मागवलेलं होतं, सगळ्यांत स्वस्तातलं रोटरी पॉलिशर. त्याचं वेगाचं चाक दोनावर ठेवलं तरी मशीन मनाला येईल तेव्हा चारावर पळायचं. बाबाजींच्या जुन्या टेम्पोच्या एका दारावर त्याने सराव केला. ते दार एवढं चमकायला लागलं की बाकीचा टेम्पो त्याच्यापुढे लाजायला लागला. मग रोह्याच्या हर्षदचा फोन आला.

हर्षदच्या बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि तिची पाठवणी घरच्या काळ्या गाडीतून व्हायला हवी होती. "बाबांची लय इच्छा हाय," हर्षद म्हणाला. "पण गाडीचा रंग पार गेलाय हो. उन्हात नेली की नुसती जाळी दिसते."

"जाळीच काढतो ना मी," नितेश म्हणाला. "लग्नाच्या आधी नव्यासारखी करून देतो. शब्द दिला."

२

गाडी खरंच वाईट होती. कोणीतरी वर्षानुवर्षं कोरड्या फडक्याने पुसली होती ती. धुळीसकट फडकं फिरवलं की रंगावर केसाएवढे ओरखडे उठतात, आणि असे हजारो ओरखडे जमले की काळ्या गाडीवर कोळ्याने घर केल्यासारखं दिसतं.

नितेशने गाडी धुतली, कडांना चिकटपट्टी लावली, शटर खाली ओढलं. भर दुपारी शेडमध्ये अंधार झाला. जाळी नीट बघायची तर अंधार लागतो आणि हातात एक बॅटरी लागते.

"ये गो, गंमत बघ," त्याने राणीला हाक मारली. ती पलीकडच्या अर्ध्या भागात कुंचले धूत होती. नितेशने बॅटरी बॉनेटवर धरली. उजेडाच्या ठिपक्याभोवती बारीक रेघांची गोल गोल वर्तुळं उमटली.

"अगो बाई, गोल घासलीय का ती?"

"नाय. ओरखडे कसेपण असतात, आडवे, उभे. पण बॅटरी धरली की उजेडाभोवतीचे तेवढेच चमकतात. म्हणून गोल दिसतात. आता बघ." त्याने बॅटरी सरकवली. वर्तुळं बॅटरीबरोबर सरकली. "जिथं उजेड, तिथं गोल. ओरखडे जागचे हलत नाय, आपल्यालाच तसं दिसतं."

राणीला ते आवडलं. उजेडाचं काहीही तिला आवडायचं. बॅटरी तिच्या हातात देऊन नितेश तिला गाडीभोवती फिरवू लागला. बॉनेट झालं, उजवी दारं झाली, डिकी झाली. डाव्या बाजूला मागच्या दारापाशी राणी थांबली.

"इथं दोन हायत," ती म्हणाली.

नितेश वाकला. बॅटरीभोवतीची वर्तुळं दिसत होती. आणि त्यांच्या खाली, वीतभर अंतरावर, आणखी एका उजेडाभोवती तसलीच वर्तुळं होती. फिकी, पण होती. राणीने बॅटरी हलवली, तशी वरची वर्तुळं हलली. खालची जागच्या जागी राहिली.

"पत्र्याला भोक असेल," नितेश म्हणाला आणि वर पाहिलं. पत्र्याला भोकं होतीच. कोकणात कुठल्या पत्र्याला नसतात? त्याने शिडी लावून एकेक भोक कापडाच्या बोळ्याने बंद केलं. खाली येऊन पाहिलं तर दुसरी वर्तुळं तिथेच होती.

मग राणीने बॅटरी बंद केली. पूर्ण अंधारात त्या दारावर एक उजेड दिसत राहिला, आणि त्याच्याभोवती बारीक गोल रेघा. मिनिटभराने तो हळूच उजवीकडे सरकला आणि विझला.

"रस्त्यावरनं गाडी गेली असेल," नितेश म्हणाला. शटर पूर्ण खाली होतं.

३

कामाला लागलं की माणूस विसरतो. नितेशने लोकरीचं पॅड चढवलं, कंपाउंडचे, म्हणजे घासायच्या पेस्टचे, चार ठिपके टाकले आणि छतापासून सुरुवात केली. रोटरी म्हणजे हट्टी जनावर. एका जागी थांबलं की रंग जाळतं, कडेला गेलं की रंग खातं. म्हणून मशीन सतत फिरतं ठेवायचं आणि मध्येमध्ये तळहाताची मागची बाजू पत्र्याला लावून बघायची. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर थांबायचं.

छत झालं, बॉनेट झालं. काळा रंग खोल विहिरीसारखा दिसायला लागला. बाबाजी येऊन बघून गेले आणि नुसतं "हं" म्हणाले, आणि बाबाजींचं "हं" म्हणजे पेणच्या बाजारात पेढे वाटल्यासारखं होतं. नितेशला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली तेव्हा गारठा होता. हात चोळत त्याने गाडीवरचं प्लास्टिक काढलं आणि सवयीने डाव्या मागच्या दाराला हाताची मागची बाजू लावली.

दार कोमट होतं.

सगळं दार नाही. ताटाएवढा एक गोल, बरोबर पॅडच्या मापाचा. बाकीचा पत्रा बर्फासारखा थंड. नितेशने हात काढला, पुन्हा लावला. मशीनची वायर भिंतीवर गुंडाळलेली होती, जशी त्याने काल ठेवली होती. ऊन अजून शेडपर्यंत आलं नव्हतं. दाराच्या आतल्या बाजूला काही तापत असेल, एखादी वायर असेल, असं म्हणून त्याने बॅटरीची तार काढून टाकली. गाडीची बॅटरी, हातातली नव्हे. तासाभराने पाहिलं तर गोल अजून कोमट होता.

त्या दिवशी डाव्या दारावर मशीन लावलं तेव्हा आणखी एक गोष्ट झाली. बटण बंद केलं, पॅड थांबलं, आणि घरघर चालूच राहिली. अगदी थोडा वेळ, दाराच्या आतून. कान बधिर झाले की असं वाटतं, हे त्याला माहीत होतं. कानात बोटं घालून त्याने ते पडताळून पाहिलं. बोटं घातल्यावर मात्र आवाज गेला, म्हणजे तो कानातला नव्हता.

राणी बॅटरी घेऊन आली. "कमी झालं?"

बॅटरीभोवतीची वर्तुळं जवळजवळ गेली होती. दार स्वच्छ होत होतं. पण दुसरा उजेड काल फिका होता, तो आज ठळक होता. आणि त्याच्याभोवतीची वर्तुळं लहान झाली होती.

"उजेड जवळ आणला की गोल लहान होतात," राणी म्हणाली. काल त्यानेच तिला बॅटरी मागेपुढे करून दाखवलं होतं.

"तू नको बघू त्याच्याकडं."

"का? मला नीट दिसतो तो. तुमच्यापेक्षा नीट." तिचं खरं होतं. ज्या नजरेने ती अर्ध्या बोटाच्या मूर्तीची पापणी आखायची, त्या नजरेने ती आता त्या दाराकडे बघत होती. नितेशला ते मुळीच आवडलं नाही.

त्याने हर्षदला फोन लावला. दाराचं काम आधी कुठे केलंय का, अपघात झालाय का, असं आडून आडून विचारलं.

"नाय हो, ओरिजनल हाय," हर्षद म्हणाला. "बाबा रोज पुसायचे ती. नंतर नंतर तर दिवसभर. दारापुढं स्टूल टाकून बसायचे, बॅटरी घेऊन."

"कुठल्या दारापुढं?"

"डाव्या बहुतेक. आता नाय पुसत. आता ते डोळेच उघडत नाय ना. डॉक्टर म्हणतात डोळे एकदम ठणठणीत हायत, पण बाबा मिटून बसतात. वर्ष झालं. उजेड येतो म्हणतात." मग हर्षदने आवाज खाली आणला. "म्हणूनच म्हटलं, निदान गाडी तरी त्यांच्या मनासारखी होऊ दे. त्यांनीच सांगितलं, एखाद्या चांगल्या नजरेच्या माणसाकडं दे म्हणून."

४

शहाणा माणूस असता तर तिथेच थांबला असता. नितेश शहाणाच होता, पण त्याने शब्द दिला होता, आणि बाबाजींच्या त्या "हं"ची चव अजून जिभेवर होती. शिवाय दिवसाउजेडी सगळ्याला काही ना काही उत्तर सापडतंच. एखादा ओरखडा खोल असेल, तो कुठूनतरी उजेड पकडत असेल. खोल ओरखडा मशीनने जात नाही. त्याला पाणी-पेपर लागतो, पाण्यात बुडवून हाताने घासायचा.

आणि इथे त्याने अशी चूक केली जी गाड्यांच्या गॅरेजमधल्या नवख्या पोरानेही केली नसती. गाडीच्या रंगावर पारदर्शक थर असतो, कागदाएवढा. तो गेला की गेला. पण नितेशचा हात मूर्तीवर तयार झालेला. मूर्तीवर दोष दिसेनासा होईपर्यंत घासायचं असतं. जास्त गेलं तर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, पुन्हा घासायचं, खाली आणखी प्लास्टर असतंच. खाली काहीतरी असणारच, हा त्याच्या हाताचा विश्वास होता.

"बॅटरी मी स्टुलावर ठेवतो," तो म्हणाला. "तू घरी जा."

"स्टुलावरनं तुम्हाला दिसायचं नाय. मी धरते." राणीने बॅटरी घेतली आणि दारापाशी उकिडवी बसली. नितेशने आणखी एकदा जा म्हणायला हवं होतं. तो नाही म्हणाला. काम लवकर उरकेल असं त्याला वाटलं.

शटर खाली ओढून तो पेपर पाण्यात बुडवून घासू लागला.

"अजून हाय," राणी म्हणाली. थोड्या वेळाने, "अजून हाय. थोडं खाली." तिचा आवाज आखणीच्या वेळचा होता, श्वास धरून बोलल्यासारखा. नितेश घासत राहिला. पत्रा गरम होत होता, आणि हाताने पाण्यात घासलेला पत्रा गरम होत नसतो.

"जवळ आला," राणी म्हणाली.

"काय?"

"उजेड."

त्याने पुसून पाहिलं. काळ्या रंगात त्याचं स्वतःचं तोंड दिसत होतं, शेजारी राणीचं. राणीच्या हातातली बॅटरी खालून लागत होती, म्हणून तिची हनुवटी उजळली होती. पण दारातल्या राणीचं कपाळही उजळलेलं होतं. समोरून. कोणीतरी पलीकडून तिच्या तोंडावर उजेड धरला होता आणि तो डोळ्यांवरून सावकाश फिरवत होता, एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर, जसं गाडीवर ओरखडा राहिलाय का बघतात तसं. उजेडामागे धरणाऱ्याची बोटं दिसली. नुसती बोटांची पेरं, ओली आणि पांढुरकी, पाण्यात फार वेळ काम केलेल्या हाताची.

नितेशने ओरडून राणीला मागे ओढलं. ती बदकन खाली पडली, बॅटरी घरंगळत मांडणीखाली गेली. अंधारात घरघर ऐकू आली, आणि थांबली.

त्याने शटर वर केलं. बाहेर लख्ख दुपार होती, समोरच्या अंगणात कोणीतरी पापड वाळत घालत होतं. दार स्वच्छ होतं. एकही वर्तुळ नव्हतं, ना पहिलं ना दुसरं. खालच्या बाजूला तेवढा रुपयाएवढा एक डाग मात्र चमक गेलेला, मेलेला होता. थर तिथे पार गेला होता.

"राणी, काय झालं गो? बरी हायस ना?"

राणीने डोळे चोळले. "काय नाय. गेला तो." मग हसली. "केवढ्यानं ओढलंत. बांगडी फुटली माझी."

५

त्या डागावर नितेशने मेणाचे दोन हात दिले आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन निघाला. वडखळ गेलं, नागोठणं गेलं. खांब गावात चहाला उतरला तेव्हा टपरीवाला गाडीभोवती फिरून म्हणाला, "नवीन घेतली वाटतं!" नितेशला हसू आलं नाही. वाटभर तो डाव्या आरशात बघायचं टाळत होता.

रोह्याला हर्षदच्या दारात मांडव पडला होता. हर्षद धावतच बाहेर आला आणि त्याने गाडीकडे न बघता नितेशचे हात धरले.

"तुमचा पायगुण म्हणायचा! काल दुपारी बाबांनी डोळे उघडले. जेवता जेवता. वर्षानं!"

मांडवाच्या खांबाला धरून एक वाळका म्हातारा उभा होता. हैबतराव, हर्षदचे वडील. डोळे टक्क उघडे, पाण्याने भरलेले. तो सगळ्याकडे हसत बघत होता. झेंडूच्या माळांकडे, हळदीने पिवळ्या झालेल्या लेकीकडे, रस्त्यावरच्या कुत्र्याकडेसुद्धा. मग त्याने नितेशकडे पाहिलं, आणि ते हसू मावळलं.

तो गाडीपाशी आला. न शोधता त्याचा हात डाव्या मागच्या दारावर, मेणाखालच्या त्या डागावर जाऊन थांबला.

"बॅटरी तू धरली होतीस?" त्याने हळू आवाजात विचारलं.

नितेशने मान हलवली. "नाय. बायकोनं."

म्हाताऱ्याने हात काढून घेतला. बराच वेळ तो स्वतःच्या तळव्याकडे बघत राहिला.

"पोरीची पाठवणी मला बघायची होती रे," तो म्हणाला. "एवढंच. दुसरं काय नाय. तिला सांग, माझ्यावर राग धरू नको म्हणावं."

"काय केलंत तुम्ही? काका, काय हाय ते?"

हैबतरावांनी मान फिरवली. मांडवातून कोणीतरी त्यांना हाक मारली आणि ते लेकीकडे निघून गेले, डोळे न मिटता, तिच्याकडे बघत बघत.

नितेशने पेणच्या एसटीत बसल्यापासून राणीला फोन लावायला सुरुवात केली. रिंग वाजायची आणि बंद व्हायची. आखणीला बसली की ती फोन उचलत नाही, हे त्याला माहीत होतं. हेच माहीत असल्यामुळे तो पुन्हा पुन्हा लावत राहिला.

६

शेडमध्ये पोचला तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. दाराजवळची ट्यूब लागलेली, बाकी शेडमध्ये काळोख. बाबाजी पेणला गेले होते. राणी पाटावर बसली होती, समोर माघीच्या छोट्या मूर्तींची रांग. तिने आजच आखणीला सुरुवात केली होती.

"आलात?" ती वळून न बघता म्हणाली. "हात सुटला होता, म्हटलं रांग पुरी करावी."

नितेश रांगेपाशी वाकला. भुवया सुरेख, पापण्या सुरेख. राणीची आखणी होती, तीत काय खोट निघणार? पण प्रत्येक मूर्तीच्या प्रत्येक बुबुळात दोन ठिपके होते. एक दाराच्या बाजूला, जिथे असायला हवा तिथे. दुसरा अगदी मध्ये.

"राणी, हे काय गो? ठिपका एक असतो."

"मला माहीत नाय का?" ती चिडली. "बाबांनी लहानपणापासनं तेच शिकवलं. पण दिसतात दोन, तर एक कसा काढू? एक काढला की डोळा आंधळा वाटतो."

"कुठं दिसतात दोन?"

राणीने तोंड वर करून त्याच्याकडे पाहिलं. ट्यूब तिच्या उजव्या हाताला होती, आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत ट्यूबची पांढरी रेघ दिसत होती. त्या रेघेशेजारी, बुबुळाच्या मध्ये, आणखी एक उजेड होता. बारीक आणि गोल. नितेशने मागे वळून पाहिलं. शेडमध्ये दुसरा दिवा नव्हता, आणि उघड्या दारात संधिप्रकाशाशिवाय काही नव्हतं.

तो पुन्हा तिच्याकडे वळला तेव्हा तो उजेड हलत होता. सावकाश, कडेपासून कडेपर्यंत, एक रेघही सुटू नये असा. त्याच्याभोवती बारीक वर्तुळं होती, आणि ती लहान होत चालली होती.

नितेश एक पाऊल मागे सरला, मग आणखी एक, पाठ थेट मांडणीला टेकेपर्यंत. त्याला ओरडायचं होतं, तिला उचलून बाहेर न्यायचं होतं, आणि त्याच्याच्याने काही होईना. ज्या नजरेवर त्याचं घर चाललं होतं तिच्यापाशी त्याने स्वतःच्या हाताने वाट करून दिली होती, कागदाएवढा थर घासून.

राणीने कपाळाला आठ्या घातल्या. ती सरळ समोर बघत होती, जिथे कोणीच नव्हतं. तिने कुंचला धरलेला हात डोळ्यांवर आडवा घेतला.

"अहो, जरा लांब धरा ना," ती म्हणाली. "डोळ्यात येतोय उजेड."

नितेशचे दोन्ही हात रिकामे होते.

"राणी," तो म्हणाला. "राणी, माझ्याकडं बघ."

पण तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. कुंचल्यातला पांढरा रंग तिच्या गालावरून ओघळत होता. नितेशने जवळ जाऊन तिचं तोंड ओंजळीत धरलं आणि विनवण्या केल्या, तरी ती लहान मुलीसारखी नुसती मान हलवत राहिली. त्याने हाताची मागची बाजू तिच्या मिटलेल्या पापणीला लावून पाहिली. पापणी कोमट होती.